कुंडीतले प्रश्न : वर्षअखेरची बाकी

संपादकांचा निरोप आला, "डिसेंबरचा अंक आहे, वाचकांचे छानसे आभार माना." आता छानसे आभार मला जमत नाहीत. आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक चपला शोधायला लागतात, हे गडकरी रंगायतनात इतक्यांदा पाहिलंय की ती हौसच राहिली नाही. म्हणून आभार उत्तरांतूनच मानते. वर्षभरात जागेअभावी मागे राहिलेले, किंवा तुम्हीच पत्राच्या शेवटी ता.क. म्हणून घुसडलेले प्रश्न मी मिठाईच्या एका जुन्या खोक्यात टाकून ठेवते. ते खोकं आज जेवणाच्या टेबलावर उपडं केलंय. ह्यांना आज ताट मांडीवर घेऊन जेवावं लागणार आहे, त्यांचेही आभार.

तरी काही जणांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. नावं घेत नाही, ज्याचं त्याला कळेल. ऐरोलीचे एक आजोबा दर महिन्याला पोस्टकार्ड पाठवतात. त्यात प्रश्न कधीच नसतो, नुसता अहवाल : "सोनचाफा – कळ्या. मोगरा – गप्प. मावा – आहे. तब्येत – ठीक." मावा म्हणजे पानांवरची कीड. ती आधी आणि तब्येत नंतर, हा क्रम मला फार आवडतो. कोपरीच्या एक ताई माझ्या प्रत्येक उत्तराला उत्तर लिहितात, आणि बहुतेक वेळा त्यांच्याकडे माझ्यापेक्षा एखादी गोष्ट जास्त असते. खारघरची एक कॉलेजातली मुलगी मेलेल्या झाडांचे फोटो पाठवते, तेही पान उलटं करून, मागची बाजू दिसेल असे. पानाची मागची बाजू दाखवणारा वाचक शंभरात एखादा. आणि कळव्याहून एक निनावी चिठ्ठी आली होती : "तुम्ही सांगितलेलं काहीही केलं नाही, तरी झाड जगलं." ती फ्रिजवर लावून ठेवली आहे.

चला, खोक्यातले कागद घेऊ.

प्रश्न : काकू, गेल्या नाताळात शेजारणीने पॉइन्सेटियाची कुंडी भेट दिली. लाल रंग फेब्रुवारीत गेला. छाटलं, खत घातलं. आता झाड हिरवंगार आहे, पण एक पान लाल होईल तर शपथ. यंदा तीच कुंडी सजवून तिला दाखवायची होती. – वाशी

उत्तर : तुमच्या फोटोत कुंडीच्या डोक्यावर ट्यूब आहे आणि कठड्यापलीकडे रस्त्याचा पांढरा दिवा. सगळं दुखणं तिथे आहे. झाड खुशाल आहे, त्याला फक्त रात्र झालेली कळत नाही.

हे झाड मूळचं मेक्सिकोचं. जोएल पॉइन्सेट नावाचे अमेरिकेचे राजदूत तिथे होते, त्यांनी १८२८ च्या सुमारास ते आपल्या देशात नेलं, तेच नाव चिकटलं. लाल दिसतं ते फूल नव्हे, ती पानंच. खरी फुलं मधोमध असतात, बारीक, पिवळट, कोणी बघतसुद्धा नाही. रोज रात्री सलग १२ तासांपेक्षा जास्त अंधार मिळाला, तोही काही आठवडे, की वरची पानं रंग धरतात. आपल्याकडे डिसेंबरात रात्र १३ तासांची असते. म्हणजे काम आयतं झालेलं आहे, आपण दिवा लावून ते मोडतो. मध्यरात्री कोणी वाळत घातलेले कपडे काढायला ट्यूब लावली, तरी त्या रात्रीचा हिशेब बिघडतो.

वॉशिंग मशीनचं रिकामं खोकं मिळवा. संध्याकाळी सहाला कुंडीवर उपडं घाला, सकाळी आठला काढा. फटींना चिकटपट्टी लावा. दिवसा भरपूर ऊन द्या. असं सहा ते आठ आठवडे, एकही रात्र न चुकता. यंदाचा नाताळ हुकलाच. रंग येईल तो फेब्रुवारीत. तोवर शेजारणीला हिरवी कुंडीच दाखवा आणि सोबत करंज्या द्या, ती काही मनावर घेणार नाही. पुढच्या वर्षी खोकं ऑक्टोबरच्या सुरुवातीपासूनच घालायला लागा. आणि छाटताना जो पांढरा चीक निघतो तो डोळ्यांना लागू देऊ नका, काहींच्या हातालाही खाज सुटते.

याच कारणाने "शेवंती नुसती पानांनी वाढते, कळी नाही" अशी पत्रं आली आहेत. शेवंतीही लांब रात्रीचीच. रस्त्याच्या दिव्यासमोरची शेवंती घराच्या आडोशाला सरकवा, बाकी काही करू नका.

प्रश्न : मुलांना नाताळची सुट्टी आहे, आठवडाभर कोकणात गावी जातोय. शेजारी पण बाहेरगावी. पंचवीस-तीस कुंड्या आहेत. बाजारात मिळतात त्या पाणी सोडणाऱ्या बाटल्या आणू का? – वर्तकनगर, ठाणे

उत्तर : आणू नका. त्या पहिल्या दिवशी सगळं पाणी ओततात, नाहीतर आठ दिवस थेंब सोडत नाहीत. मधलं काही त्यांना माहीत नाही.

आधी हे समजून घ्या की डिसेंबर हा मे नव्हे. थंडीत झाड निम्मंच पाणी पितं. सगळ्या कुंड्या कठड्यावरून उतरवा आणि गॅलरीच्या आतल्या कोपऱ्यात एकमेकींना खेटून ठेवा, मोठ्या बाहेरच्या बाजूला, लहान मधे. ऊन कमी, वारा कमी, आणि गर्दीत ओल टिकते. निघायच्या आदल्या रात्री भरपूर पाणी आणि सकाळी पुन्हा एकदा, खालून पाणी येईपर्यंत. मातीवर वाळक्या पानांचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा चांगला जाड थर. कोरफड, अडेनियम, जेड, सापाचं पान यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही, त्यांना तुमची सुट्टी मानवेल.

उरली तहानलेली मंडळी : पुदिना, कोथिंबीर, टोमॅटो, लहान कुंडीतलं जास्वंद. त्यांच्यासाठी चिंधी. जुन्या सुती साडीची बोटभर रुंद पट्टी फाडा आणि पीळ द्या. सिंथेटिक साडी पाणी ओढत नाही, पदर चुरगळून बघा, सुती असेल तर घड्या राहतात. पट्टी आधी पूर्ण भिजवा. बादली स्टुलावर ठेवा, पट्टीचं एक टोक बादलीच्या तळाशी जाऊ द्या, त्याला दगड बांधा म्हणजे वर तरंगणार नाही. दुसरं टोक कुंडीच्या मातीत दोन-तीन इंच खोल पुरा. नुसतं मातीवर टेकवलं तर ते वाळतं आणि ओढ थांबते. एका बादलीतून पाच-सहा कुंड्या चालतात. मात्र हा खेळ निघायच्या तीन-चार दिवस आधी मांडून बघा. कोणती पट्टी जास्त ओढते, कोणती कमी, ते कळतं, जाडी कमी-जास्त करता येते.

बादलीचं तोंड कापडाने घट्ट बांधायचं, हे विसरू नका. उघड्या पाण्यात आठवड्या-दीड आठवड्यात डेंग्यूचा डास तयार होतो. परत आल्यावर स्वागताला तो नको.

प्रश्न : महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरीची रोपं आणली आहेत. नेरूळला जगतील का? – नेरूळ

उत्तर : मार्चपर्यंत जगतील, थोडी फळंही देतील, नातवंडं खूश होतील. उन्हाळा सोसणार नाहीत. हंगामी पाहुणा समजा आणि मनाला लावून घेऊ नका. फळ मातीला टेकू देऊ नका, खाली पेंढा किंवा नारळाची शेंडी घाला. स्ट्रॉबेरी खायचीच असेल तर वाशीच्या मार्केटातून पेटी आणा, स्वस्त पडेल.

प्रश्न : आमची गॅलरी दक्षिणेला आहे. मे-जूनमध्ये एक फूल दिसत नाही, आणि आता ऊन थेट हॉलमधल्या सोफ्यापर्यंत येतंय. झाडं लावायची कोणत्या हिशेबाने? – पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : हा प्रश्न वर्षभर बाजूला ठेवला कारण दोन ओळींत सांगण्यासारखा नाही. पण खोक्यातला हा माझा सगळ्यात आवडता कागद.

"ऊन येतं" किंवा "ऊन येत नाही" असं आपण घर घेताना विचारतो, दलालही छातीठोक सांगतो. कोणत्या महिन्यात, हे कोणी विचारत नाही. ठाणं साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. २१-२२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या पुढे सूर्य सगळ्यात वर असतो, तेव्हाही तो डोक्यावर नसतोच. दक्षिणेकडे झुकून, क्षितिज आणि डोकं यांच्या जवळपास मध्यावर असतो. त्यामुळे वरच्या मजल्याच्या स्लॅबखालून ऊन तिरकं आत शिरतं आणि तुमच्या सोफ्यावर बसतं. पुढे सूर्य रोज थोडा थोडा वर चढतो. मेच्या मध्याला तो बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली दिसत नाही तो दिवस. आणि त्यानंतर जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या गॅलरीवर वरचा स्लॅब छत्रीसारखा धरलेला. त्यात जूनपासून ढग. मग फूल कुठून दिसणार?

उत्तरेकडच्या गॅलरीवाल्यांचं नेमकं उलट. त्यांना सकाळ-संध्याकाळचं थोडं ऊन मिळतं तेही एप्रिल-मेमध्ये, आणि आत्ता अजिबात नाही.

तर तुमचा हिशेब असा. ऑक्टोबर ते मार्च ही तुमची बाग. झेंडू, शेवंती, टोमॅटो, मिरची, वांगं, पिटुनिया, सगळं या सहा महिन्यांत उरकून घ्या. टोमॅटोची रोपं गणपती झाल्यावर टाका, म्हणजे आत्ता फळं लागतात. एप्रिलच्या शेवटी ऊन हवं असलेल्या कुंड्या, जागा असेल तर, गच्चीत चढवा किंवा पूर्वेच्या खिडकीच्या जाळीत ठेवा. पावसाळ्यात गॅलरीत अळू, ओवा, पानवेल, मनीप्लांट, नेचे. त्यांना सावलीची अडचण नाही. नवीन झाड घेण्याआधी गॅलरीत खडूने खुणा करा : आज सकाळी दहाला ऊन कुठवर आलं, दुपारी एकला कुठवर, चारला कुठवर. महिन्यातून एक दिवस करा. पुढच्या डिसेंबरपर्यंत तुमच्या फरशीवर असं पंचांग तयार होईल की मला पत्र लिहायची गरज उरणार नाही. खुणा पुसू नका अशी ताकीद मात्र आधी कामवाल्या मावशींना द्यावी लागेल.

प्रश्न : सुट्टीत मुलगा मोबाइल सोडत नाही. दहा दिवसांत काहीतरी उगवलेलं दिसेल असं सांगा. – घणसोली

उत्तर : मेथी. बी आणायची गरज नाही, फोडणीच्या डब्यातली घ्या. रात्रभर भिजवा, सकाळी पंचात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड दिसतील. मुंबईच्या बाजारात ती बोटभर उंचीची, बारीक जुड्यांची मेथी येते ना, ती समुद्रकाठच्या वाळूतली. तशीच घरी करायची. पसरट डब्याला तळाशी भोकं पाडा, अर्धी वाळू अर्धी माती घाला, मोड आलेले दाणे अगदी दाट पसरा, वर बोटाच्या पेराएवढा मातीचा थर. पाणी शिंपडायचं काम मुलाचं. आठ-दहा दिवसांत मुळासकट उपटून थालीपीठ करा. स्वतः उगवलेली मेथी मुलं खातात. कडू लागली तरी तसं म्हणत नाहीत.

प्रश्न : आमची नौपाड्यातली सोसायटी रीडेव्हलपमेंटला जातेय. पुढच्या वर्षी घरं रिकामी करायची. अंगणात सासऱ्यांच्या वेळचा पारिजातक आहे, कढीपत्ता आहे, आंबा आहे. बिल्डर म्हणतो, "लँडस्केपिंग देऊ." काय वाचवता येईल? – नौपाडा, ठाणे

उत्तर : असे प्रश्न यंदा नौपाडा, चरई, पाचपाखाडी, मुलुंडची हद्द, वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारती, सगळीकडून आले. आमच्याही इमारतीत ही बोलणी चालू आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर.

आंब्यापासून सुरुवात करते. शहरातलं झाड तोडायचं, तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यासाठी १९७५ चा राज्याचा कायदा आहे. झाड सोसायटीच्या आवारात असलं तरी ते सोसायटीच्या मर्जीवर नाही, बिल्डरच्या तर नाहीच. परवानगीसाठी अर्ज झाला की त्याची जाहीर सूचना निघते आणि हरकत घेता येते. तेव्हा कमिटीकडे अर्जाची प्रत मागा, त्यात तुमची झाडं मोजलेली आहेत का, जात बरोबर लिहिली आहे का ते बघा. "पुनर्रोपण करू" असं लिहिलं असेल तर विचारा : कुठे, कोण, आणि मुळाभोवतीचा चर कधी खणायला घेणार? मोठं झाड हलवायचं तर त्याची तयारी काही महिने आधीपासून टप्प्याटप्प्याने करावी लागते. मेच्या उन्हात क्रेन लावून उपटलेला आंबा जगत नाही, फायलीत मात्र हिरवा राहतो.

पारिजातकाची काळजी तुम्ही आजच मिटवू शकता. झाडाखाली बघा. चपट्या, गोल, नाण्याएवढ्या तपकिरी शेंगा पडल्या असतील, किंवा फांद्यांवर वाळत असतील. हाच त्यांचा मोसम. बोटांनी दाबली की दोन पाकळ्या सुटतात आणि प्रत्येकीत एक पातळ बी. ताजं असताना पिशव्यांत पेरा, दहा-बारा पेरा, सगळी येणार नाहीत. रोपं उन्हाळ्यात हातभर होतील. सासऱ्यांच्या झाडाचं बी आहे, भावंडांत वाटा. फूल दिसायला दोन-तीन पावसाळे लागतील, आणि तुमची इमारतही तेवढाच वेळ घेणार आहे. भाड्याच्या घराच्या गॅलरीत मोठ्या डब्यात तो खुशाल राहतो.

कढीपत्ता त्याहून सोपा. बुंध्यापासून हात-दीड हातावर जी लहान रोपं फुटलेली दिसतात, ती मुळांवरून आलेली पिल्लं. पिल्लू आणि आई यांना जोडणारं मूळ आत्ता खुरप्याने कापा, पण रोप तिथेच राहू द्या. ते आपली मुळं धरेल. पाऊस पडल्यावर गोळ्यासकट उचला. जूनच्या आत घर सोडावं लागलं तर फेब्रुवारीत, नवी पालवी फुटायच्या तोंडावर उचला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मीटिंगमध्ये कोणी विचारत नाही. सगळे कार्पेट एरिया आणि पार्किंगवर भांडतात. तुम्ही विचारा की नव्या इमारतीत मातीची जमीन किती राहणार. "पोडियम गार्डन" म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर पसरलेली माती. ती किती खोल आहे ते नकाशावर लिहून घ्या. दीड-दोन फुटांत लॉन आणि झुडपं होतात, तीन-साडेतीन फुटांत पारिजातकही उभा राहील, आंबा मात्र नाही. आंब्याला खाली खरी जमीन लागते. आवाराच्या एका कडेला स्लॅबशिवायचा पट्टा सोडा, हे करारात लिहिलं गेलं तरच होतं, नंतर कोणी ऐकत नाही.

प्रश्न : गॅलरीच्या छज्जाच्या फटीत उंबराचं रोप आलंय. नवरा म्हणतो काढ, सासूबाई म्हणतात दत्ताचं झाड, हात लावायचा नाही. दत्तजयंतीला त्यांनी त्याची पूजाही केली. – बेलापूर

उत्तर : दोघांचंही बरोबर आहे. उंबर पक्ष्यांच्या विष्ठेतून येतो, आणि आला की मूळ फटीत घुसवून स्लॅब उकलतो. पुढच्या पावसाळ्यात गळती खालच्यांच्या बेडरूममध्ये असेल. सासूबाईंना सांगा, काढायचा नाही, हलवायचा आहे. दोन दिवस फट ओली ठेवा, संध्याकाळी रोप मुळाशी धरून हळूहळू ओढा. मूळ तुटून आत राहिलं तर पुन्हा फुटतं, त्यामुळे घाई नको. मग कुंडीत लावा, दर वर्षी मुळं आणि शेंडा छाटत राहिलात तर तो वर्षानुवर्षं कुंडीत राहील. पूजेला कायमची सोय. फट मात्र लगेच सिमेंटने बुजवा. तो कार्यक्रम नवऱ्याला द्या.

याच टपालात एकीने विचारलंय, मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या कलशाला पाच झाडांची पानं लागतात, ती सोसायटीतून तोडावीत का? पाच पानं तोडा की. लोक फांदी ओरबाडतात आणि चार पानं वापरून बाकी जिन्यात टाकतात, त्याला माझी हरकत आहे. नाहीतर जांभळी नाक्यावर जुडी मिळते.

प्रश्न : तुळशीचं लग्न झालं आणि तुळस वाळायला लागली. दृष्ट लागली का? – कळवा

उत्तर : मंजिऱ्या लागल्या. त्या खुडा, बी डबीत भरून ठेवा, पाणी कमी करा.

प्रश्न : काकू, राग मानू नका. तुम्ही नेहमी "बघा आणि ठरवा" असं लिहिता. व्हिडिओमध्ये कसं स्पष्ट सांगतात, इतके चमचे, इतक्या दिवसांनी. घोडबंदरला २२ व्या मजल्यावर टोमॅटोला ढीगभर फुलं आहेत, फळ एक नाही. नेमकं काय घालू? – घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : राग कसला, हे पत्र मी दोनदा वाचलं. काही घालू नका. रोज सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या देठावर टिचकी मारा.

टोमॅटोचं फूल स्वतःचं स्वतःला पुरतं, फक्त पराग झडायला हादरा लागतो. खाली जमिनीवर तो मधमाश्या आणि वारा देतात. २२ व्या मजल्यावर मधमाशी क्वचितच पोचते, आणि वारा एवढा असतो म्हणून तुम्ही काच ओढून घेतलेली असते, हे फोटोत दिसतंय. दुसरं, रात्री पारा २१-२२ च्या वर राहिला की टोमॅटोची फुलं गळतात. आत्ताचे दोन महिने आपल्याकडे त्यातल्या त्यात गार, तेव्हा टिचकी आजच सुरू करा. एकीने जुना बॅटरीवाला टूथब्रश देठाला लावला, तेही उत्तम चाललं. ही युक्ती खारघरच्या एका बाईंची, माझी नव्हे.

आता चमच्यांचं. व्हिडिओ करणारा दिल्लीत बसलेला असतो किंवा पुण्यात. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा सहज १२-१३ च्या खाली जातो. आपल्याकडे १८ ला आला की कपाटातून स्वेटर निघतात. त्यांची हवा कोरडी, आपली दमट. त्यांनी "पंधरा दिवसांनी" म्हटलं ते त्यांच्या मातीला. इथे तर ऐरोलीत खाडीचा वारा आणि बांधकामाची धूळ पानावर बसते, येऊरच्या पायथ्याला तीच पानं सकाळी दवाने धुतलेली असतात. थंडीत हवा जड होते, धूळ खाली राहते, म्हणून खाडीकाठच्यांनी आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पानं पुसावीत, हे मला पोस्टकार्डवाल्या आजोबांमुळे कळलं. खताच्या पोत्यावर ते लिहिलेलं नसतं. एकाच शहरात दोन मजले, दोन दिशा, दोन वेगळ्या बागा. त्या सगळ्यांना एक चमचा सांगणं मला जमणार नाही. तुम्ही केलेलं काय फसलं ते मला कळवता, त्यावरच तर हे सदर चालतं.

प्रश्न : नवीन वर्षाला तुम्हाला काहीतरी पाठवायचं आहे. घरचा पत्ता मिळेल का? – वाशी, ठाणे, पनवेल, बरेच जण

उत्तर : संपादक पत्ता देत नाहीत ते बरंच करतात. एका प्रेमळ वाचकाने मासिकाच्या कचेरीत गांडूळखताची गोणी आणून ठेवली होती. ती शिपायाने उघडून पाहिली, तेव्हापासून मासिकात माझ्या नावाने टपाल आलं की आधी वास घेतात.

वस्तू नको. पोस्टकार्डावर किंवा मेलवर चार ओळी पाठवा : कितवा मजला, गॅलरीचं तोंड कुठे, दुपारी एकला ऊन कुठवर, आणि यंदा काय मेलं. जगलेल्याचे फोटो सगळेच पाठवतात. मेलेल्याबद्दल लिहायला धीर लागतो आणि कामाला तेच येतं.

जानेवारीच्या अंकात मोगऱ्याची छाटणी घेणार आहे. ज्यांच्याकडे मोगरा आहे त्यांनी आजपासून त्याचं पाणी हळूहळू तोडायला लागा. पानं पिवळी पडून गळतील, घाबरून खत घालू नका. कात्री मी सांगेपर्यंत लावायची नाही.